विद्यार्थिदशा आणि वर्धिष्णू वृत्ती

(देवस्थानच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात दिलेले व्याख्यान)



श्रींच्या सभामंडपात आज ज्या विद्यार्थ्यांचा गौरव होत आहे, त्यांपैकी बहुतेक जण लवकरच महाविद्यालयाची पायरी चढणार आहेत. अशा प्रसंगी यशाविषयी बोलण्याचा प्रघात आहे. तथापि ज्याने यश मिळविले आहे त्याला यशाची महती सांगण्याचे फारसे प्रयोजन नसते. त्याच्यासमोर उद्या उभा राहणारा प्रश्न निराळा आहे. पहिल्यांदाच अपयश पदरी आले म्हणजे त्याचा अर्थ कोणता लावावयाचा, हा तो प्रश्न होय. त्या अर्थावर पुढची तीन-चार वर्षे आणि कित्येकदा पुढचे सारे आयुष्य अवलंबून असते. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी हाच विषय घेतला आहे.

काणकोण, सत्तरी वा पेडणे यांसारख्या तालुक्यातील एखाद्या गावातून बारावीला उत्तम गुण मिळवून एक विद्यार्थिनी मडगावच्या किंवा पणजीच्या महाविद्यालयात येते, असे समजू या. गावच्या शाळेत तिचा पहिला क्रमांक कधी चुकला नाही. येथे मात्र वर्गात जे बसलेले असतात, त्यांतले कितीतरी जण आपापल्या शाळेत पहिले आलेले असतात. प्राध्यापक भराभर इंग्रजीत बोलतात, फळा भरतो आणि पुसला जातो. पहिल्या चाचणीत तिला गणितात वीसपैकी सहा गुण मिळतात. उत्तरपत्रिका हाती पडताच तिच्या मनात दोन विचार येऊ शकतात. एक असा की, आपल्याला आजवर हुशार म्हणत होते ते खोटे होते. गणिताचे डोके आपल्याला नाही, हे आज उघड झाले. दुसरा असा की, शाळेत जी पद्धत पुरत होती ती येथे पुरत नाही. कोठे चुकले ते पाहिले पाहिजे. गुण दोन्ही वेळी सहाच. परंतु पहिला विचार करणारी विद्यार्थिनी मागच्या बाकावर सरकते, प्रश्न विचारणे सोडते, आणि पुढे विषयही सोडते. दुसरा विचार करणारी उत्तरपत्रिका घेऊन प्राध्यापकांच्या खोलीकडे जाते.

या दुसऱ्या विचारामागे जी मनाची ठेवण असते तिला आपण वर्धिष्णू वृत्ती म्हणू. बुद्धी, कौशल्य, आकलन ही जन्मतः तोलून-मापून दिलेली शिदोरी नसून योग्य अभ्यासाने ती वाढू शकतात, असे मानणारी ही वृत्ती. पहिल्या विचारामागे असते ती स्थाणू वृत्ती. स्थाणू म्हणजे खांब, जागचा न हलणारा. हा भेद शास्त्रीय चर्चेत आणण्याचे श्रेय अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक यांच्याकडे जाते. त्यांचा या विषयावरील ग्रंथ २००६ साली प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून ही कल्पना जगभरच्या शिक्षणसंस्थांत पोहोचली.

कल्पनेचे मूळ मात्र याहून जुने आहे. बुद्धी मोजता येते ही समजूत ज्या चाचणीमुळे रूढ झाली, ती आल्फ्रेड बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने थिओडोर सिमों यांच्या साहाय्याने १९०५ साली तयार केली. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना विशेष साहाय्य देता यावे म्हणून ती मुले ओळखावयाची, एवढाच तिचा हेतू होता. पुढे इतरांनी त्या चाचणीचा उपयोग माणसांवर कायमचे शिक्के मारण्यासाठी केला. विशेष हे की, खुद्द बिने यांना ही गोष्ट मान्य नव्हती. व्यक्तीची बुद्धी म्हणजे वाढू न शकणारी ठराविक राशी होय, या मताचा त्यांनी १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात जोरदार निषेध केला आणि लक्ष, स्मरण व निर्णयशक्ती ही सरावाने सुधारता येतात, असे प्रतिपादन केले. मापाची काठी तयार करणारा मनुष्यच सांगत होता की, ही काठी आजची उंची दाखविते, उद्याची नव्हे. दुर्दैवाने १९११ साली त्यांचे निधन झाले, आणि त्यांचा इशारा मागे पडून काठी तेवढी पुढे गेली.

आपल्या घरांतून तीच काठी निराळ्या शब्दांनी फिरत असते. 'थोरला हुशार, धाकट्याला डोके नाही,' 'आमच्या घराण्यात गणित कोणाला आलेच नाही,' अशी वाक्ये मुलांसमक्ष सहज बोलली जातात. 'मठ्ठ' म्हटल्याने मुलाचे नुकसान होते, हे कोणीही मान्य करील. 'हुशार' म्हटल्यानेही ते होऊ शकते, हे मात्र चटकन पटत नाही. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहेत. पाचव्या इयत्तेतील मुलांना काही कोडी सोडविण्यास दिली. सोडविल्यावर काहींना 'तुम्ही बुद्धिमान आहात' असे सांगितले, तर काहींना 'तुम्ही चांगली मेहनत घेतलीत' असे सांगितले. त्यानंतर मुद्दाम अवघड कोडी दिली. ती कोणालाच नीट सुटली नाहीत. मग पुन्हा पहिल्यासारखी सोपी कोडी दिली. मेहनतीबद्दल वाखाणलेल्या मुलांची कामगिरी सुधारली; बुद्धीबद्दल वाखाणलेल्यांची पहिल्यापेक्षाही घसरली. पुढे आपले गुण लिहून कळवावयास सांगितले, तेव्हा बुद्धीची स्तुती झालेल्यांपैकी सुमारे ३८ टक्के मुलांनी ते वाढवून सांगितले. मेहनतीची स्तुती झालेल्यांत हे प्रमाण सुमारे १३ टक्के होते. ज्याला आपले मोठेपण जन्मजात वाटते, त्याला अपयश लपवावे लागते. ज्याला ते कमावलेले वाटते, त्याला अपयशाकडे पाहता येते.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांविषयीचा एक प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. जोशुआ अ‍ॅरनसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातील काही विद्यार्थ्यांना शाळकरी मुलांना धीर देणारी पत्रे लिहावयास सांगितले. बुद्धी ही सरावाने बळकट होणाऱ्या स्नायूसारखी आहे, हे त्या पत्रांतून समजावून द्यावयाचे होते. पत्रे लिहिता लिहिता लिहिणाऱ्यांनाच ते पटले, आणि वर्षअखेरीस त्यांचे गुण वाढलेले दिसले. ही वाढ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांत अधिक ठळक होती. दुसऱ्याला समजावून देताना आपल्यालाच उमजते, हा अनुभव आपल्याकडील जुन्या पंतोजींच्या पद्धतीतही होता. वरच्या वर्गातला मुलगा खालच्यांना शिकवी आणि स्वतः पक्का होई.

तथापि येथे सावधगिरीचा एक शब्द सांगणे कर्तव्य आहे. वर्धिष्णू वृत्ती हा काही मंत्र नव्हे, की तो जपला आणि गुण वाढले. २०१८ साली या विषयावरील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा एकंदर परिणाम क्षीण असल्याचे आढळले. २०१९ साली अमेरिकेत नवव्या इयत्तेच्या सुमारे १२,००० विद्यार्थ्यांवर केलेल्या मोठ्या अभ्यासात तासाभराहूनही कमी वेळाच्या पाठाने मागे असलेल्या विद्यार्थ्यांचे गुण थोडे वाढले. ही वाढ चार गुणांकांच्या मापावर सुमारे एक-दशांश इतकी होती. त्यातही जेथे सोबत्यांमध्ये अवघड काम अंगावर घेण्याची रीत होती, तेथेच परिणाम अधिक दिसला. खुद्द ड्वेक यांनीही २०१५ साली बजावले की, नुसती मेहनतीची वाहवा करणे म्हणजे ही वृत्ती नव्हे; मेहनत फळत नसेल तर पद्धत बदलावी लागते, साहाय्य मागावे लागते.

आपल्याकडे 'प्रयत्नांती परमेश्वर' असे म्हणतात. म्हण खरी आहे, परंतु विद्यार्थी तिचा अर्थ बहुधा तासांत मोजतो. रात्री दोन वाजेपर्यंत तेच पान दहा वेळा वाचले की प्रयत्न झाला, असे त्याला वाटते. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या समजुतीवर प्रकाश टाकतो. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा पुनःपुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो पहिल्या पाळीत वाचून नंतर पुस्तक मिटले आणि आठवेल ते तीन वेळा लिहून काढले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारे पुढे होते. एका आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के मजकूर आठवला आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. म्हणजे ज्या रीतीने अभ्यास सोपा वाटतो ती रीत आठवड्यात फसवते, आणि ज्या रीतीत अडखळावे लागते ती टिकते. अडखळणे हे बुद्धी नसल्याचे लक्षण नसून शिकणे चालू असल्याचे लक्षण असू शकते, हे ज्याला कळले त्याने वर्धिष्णू वृत्तीचे मर्म ओळखले.

यावरून विद्यार्थ्याने काही सवयी लावून घ्याव्यात. चाचणीची उत्तरपत्रिका फाडून किंवा दडवून न ठेवता प्रत्येक चुकलेला प्रश्न पुस्तक मिटून पुन्हा सोडवावा. आजचा पाठ आज, तीन दिवसांनी आणि आठवड्याने, असा तीनदा न पाहता आठवून पाहावा. 'मला हे येत नाही' या वाक्यात 'अजून' हा एक शब्द घालावा. आणि अडलेले कोणाला तरी विचारावे. या शेवटच्या गोष्टीचीच आपल्या मुलांना सर्वांत अधिक लाज वाटते.

ही लाज किती महाग पडते ते बर्कली येथील एका निरीक्षणावरून दिसते. १९७० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठात यूरी ट्रीझमन या गणिताच्या अभ्यासकाने पाहिले की, आपापल्या शाळांत चमकलेले कित्येक कृष्णवर्णीय विद्यार्थी कलनशास्त्राच्या पहिल्याच वर्षी नापास होतात, तर चिनी वंशाचे विद्यार्थी उत्तम उतरतात. पुष्कळांची समजूत अशी की, पहिल्यांत उत्साह नाही, घरचा आधार नाही. ट्रीझमन यांनी विद्यार्थ्यांच्या सहवासात राहून पाहिले तेव्हा या समजुती टिकल्या नाहीत. मेहनत दोघेही करीत होते. फरक इतकाच की, नापास होणारे एकएकटे खोलीत बसून झगडत, आणि दुसरे स्वतः सोडवून झाल्यावर एकत्र जमून परस्परांच्या चुका काढीत. त्यानंतर ट्रीझमन यांनी विद्यार्थ्यांसाठी सामुदायिक अभ्यासवर्ग काढले. त्यांत सोपी उजळणी न देता मुद्दाम कठीण उदाहरणे दिली, आणि विद्यार्थ्यांचे निकाल लक्षणीय सुधारले. ज्यांच्यावर 'जमत नाही' हा शिक्का बसला होता, त्यांना सोबत मिळताच जमू लागले.

परदेशीय उदाहरणे पुष्कळ झाली. आपल्या गोमंतकाच्या मातीतील एक उदाहरण त्या सर्वांहून बोलके आहे. आचार्य धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ साली सांखवाळ येथे झाला. शालेय शिक्षण जेमतेम. लहान वयातच घरच्या बागायतीकडे पाहण्याची जबाबदारी अंगावर आली. कोणत्याही विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी कधीच नव्हती. बुद्धचरित्राच्या वाचनाने त्यांच्या मनात बौद्ध धर्माचा मुळातून अभ्यास करण्याची ओढ निर्माण झाली. त्यासाठी संस्कृत हवे, ते येत नव्हते. पाली हवी, ती शिकविणारा कोणी जवळपास नव्हता. १८९९ च्या अखेरीस, वयाच्या तेविसाव्या वर्षी ते घराबाहेर पडले. आजच्या हिशेबाने पदवी घेऊन बाहेर पडण्याचे हे वय. त्यांचा अभ्यास तेव्हा सुरू झाला.

पुण्यास डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. तेथून काशीस जाऊन, अन्नछत्रात जेवून, त्यांनी संस्कृत व्याकरणाचे अध्ययन केले. १९०२ साली नेपाळची वाट धरली. तेथे हवे ते सापडले नाही. म्हणून ते सिंहलद्वीपास गेले आणि कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांपाशी पाली शिकले. पुढे ब्रह्मदेशातही राहिले. नंतर त्यांनी कलकत्त्यास पाली शिकविली. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना मासिक वृत्ती दिली, ती त्यांनी महाराष्ट्रात राहून लेखन करावे या हेतूने. १९१० साली हार्वर्ड विद्यापीठाने बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संशोधित आवृत्तीच्या कामासाठी त्यांना अमेरिकेस पाचारण केले. त्या कामासाठी त्यांना चार वेळा अमेरिकेची वारी करावी लागली. १९१२ ते १९१८ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते पालीचे अध्यापक होते. मुंबई विद्यापीठात पालीला स्थान मिळण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. 'विसुद्धिमग्ग'ची ती आवृत्ती हार्वर्डने १९५० साली प्रसिद्ध केली. १९४७ साली सेवाग्राम येथे आचार्यांचे देहावसान झालेले होते. छापील ग्रंथ त्यांच्या दृष्टीस पडला नाही.

या चरित्राचा अर्थ 'इच्छा असली की सर्व काही साधते' असा सुलभ लावणे हा आचार्यांवर अन्याय होईल. त्यातील तीन गोष्टी विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्याव्यात. पहिली, 'आपल्याला येत नाही' ही वस्तुस्थिती त्यांनी नाकारली नाही. तिचा त्यांनी पुढच्या प्रवासाचा पत्ता म्हणून उपयोग केला. दुसरी, नेपाळात निराशा झाल्यावर त्यांनी ध्येय न बदलता मार्ग बदलला. तिसरी, ते एकटे शिकले नाहीत. भांडारकरांचे मार्गदर्शन, काशीची अन्नछत्रे, सिंहलातील गुरू, सयाजीरावांची वृत्ती, एवढ्या हातांनी त्यांना वर ओढले. या प्रवासाची किंमत घरच्यांनीही मोजली. तान्ह्या मुलीसह मागे राहिलेल्या पत्नीचा, बाळाबाईंचा, वाटा त्यात आहे हे विसरता कामा नये. 'निवेदन' या १९२४ सालच्या आत्मचरित्रात आचार्यांनी आपली वाटचाल लिहून ठेविली आहे. महाविद्यालयात जाणाऱ्या प्रत्येक गोमंतकीय मुलाने ते एकदा तरी वाचावे.

याहून निकटचा दाखला कित्येकांच्या घरातच सापडेल. १९६१ साली गोवा मुक्त झाला तेव्हा लिसेवमध्ये पोर्तुगीज शिकून नोकरीस लागलेल्या माणसांसमोर इंग्रजी कारभार उभा राहिला. ज्यांची टिपणे पोर्तुगीजमध्ये अस्खलित होती, त्यांना मध्यम वयात नवी भाषा पहिल्या धड्यापासून गिरवावी लागली. त्यांना कोणी 'हुशार' म्हणून निवडले नव्हते. जवळ शब्दकोश ठेवून, कालचा मसुदा आज पुन्हा लिहून, कनिष्ठ सहकाऱ्याला विचारून ती माणसे तयार झाली. त्यानंतर १९६२ साली पणजी व मडगाव येथे महाविद्यालये निघाली आणि त्याच घरांतील मुले त्यांत शिकू लागली. आज इंग्रजी व्याख्यान कळत नाही म्हणून खचणाऱ्या नातवाला आजोबांची ती वही कोणीतरी दाखवावयास हवी.

गोव्यातील खाजन शेती सर्वांना परिचित आहे. खारे पाणी शिरणारी ती जमीन भातपिकाची म्हणून निर्माण झाली नव्हती. पूर्वजांनी बांध घातले, मानशी बसविल्या, भरतीला दारे मिटावी आणि ओहोटीला उघडावी अशी व्यवस्था केली, तेव्हा तेथे भात पिकले. सर्व खाजने सारखी पिकत नाहीत हेही खरे, आणि बांध एकदा घातला की काम संपले असेही नाही. फुटलेला बांध वेळीच न सावरला तर खार पुन्हा आत येते. आणि तो बांध कोणा एकट्याने घातला नाही. तो गावकरीने घातला. बुद्धीची मशागतही अशीच आहे. सगळे जण सारखे गणिती होणार नाहीत. परंतु आज खारी दिसणारी जमीन कायम खारीच राहणार, असे कोणीही छातीठोकपणे सांगू नये.

म्हणूनच या विषयाचा शेवटचा भाग विद्यार्थ्यांसाठी नसून महाजनांसाठी आहे. ज्याला सकाळी दुकानात बसून, दोन बस बदलून वर्गात यावे लागते, त्याला केवळ 'वृत्ती बदल' असे सांगणे म्हणजे बांध न घालता भाताची अपेक्षा करणे होय. सर्व दोष त्याच्या मनावर ढकलून समाजाने मोकळे होऊ नये. देवस्थानला करता येण्याजोग्या तीन गोष्टी आहेत. सर्वाधिक गुणांच्या पारितोषिकांबरोबरच एक पारितोषिक, एकदा अनुत्तीर्ण होऊन त्याच विषयात पुन्हा उभे राहणाऱ्या विद्यार्थ्यासाठी ठेवावे, आणि ते याच सभामंडपात, इतक्याच मानाने द्यावे. दुसरे, अग्रशाळेतील खोल्या उत्सवाखेरीज बराच काळ रिकाम्या असतात. त्यांतील एक खोली संध्याकाळी सामुदायिक अभ्यासासाठी खुली करावी आणि वरच्या वर्गातील महाजन-पाल्यांनी आठवड्यातून दोन दिवस खालच्यांसोबत तेथे बसावे. तिसरे, शिष्यवृत्ती पहिल्या वर्षाच्या गुणांवरून लगेच बंद करू नये. पहिले वर्ष हे पुष्कळांच्या बाबतीत भाषा आणि पद्धत बदलण्याचे वर्ष असते. सयाजीरावांनी पदवी पाहून वृत्ती दिली असती, तर कोसंबींना ती मिळाली नसती.

पालकांनीही एक पथ्य पाळावे. निकाल हाती आल्यावर 'किती मिळाले?' याबरोबर 'कोठे अडले आणि आता काय करणार आहेस?' हेही विचारावे. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देण्याची ज्या मुलाला घरी सवय लागते, त्याला महाविद्यालयात उत्तरपत्रिका लपविण्याची पाळी येत नाही.

विद्यार्थिमित्रांनो, आज आपल्याला मिळणाऱ्या सन्मानपत्रावर जे गुण लिहिले आहेत ते आजच्या तारखेचे आहेत. त्यांचा अभिमान अवश्य बाळगा. परंतु त्यांच्या रक्षणासाठी अवघड विषय टाळू नका, अडलेले विचारण्यास संकोचू नका, आणि मागे पडलेल्या सोबत्याला तसाच सोडून पुढे जाऊ नका. श्रींच्या कृपेने आपणा सर्वांची विद्या वाढती राहो, एवढी प्रार्थना करून हे व्याख्यान येथे पुरे करण्यात येत आहे.